चारशे यार्डांवरचा वारा

कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या रायफल-शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला उघडतो आणि चार टप्प्यांत नोव्हेंबरपर्यंत चालतो. इथली मराठी मंडळी चकलीच्या भाजणीची चौकशी करत असतात, त्याच आठवड्यांत शेजारच्या गॅरेजमधून भडक नारिंगी जाकिटं बाहेर निघतात. त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात चांदमारीच्या मैदानांवर शनिवार-रविवारी टेबल मिळायची मारामार असते. वर्षभर कपाटात उभी असलेली रायफल काढायची, वाळूच्या उश्यांवर नीट बसवायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या घालायच्या, दुर्बिणीची चाकी दोन खटके फिरवायची, आणखी तीन घालायच्या आणि घरी जायचं. बऱ्याच लोकांचा वर्षाचा सराव एवढाच. त्यातलेच काही जण पुढं पर्वतात चारशे यार्डांवरच्या एल्कवर बार काढतात.

हा लेख त्या शंभर आणि चारशे यार्डांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

माझे एक स्नेही मूळचे कराडकडचे. वीस-एक वर्षं डेन्व्हरच्या परिसरात आहेत, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर करतात. इथं १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो त्यांनी मुलाबरोबर एका बाकावर बसून केला. वहिनी माळकऱ्यांच्या घरातल्या. गॅरेजमधला दुसरा फ्रीज ही त्या दोघांमधली तहाची सीमारेषा, त्यापलीकडचं काही स्वयंपाकघरात येत नाही. लांब पल्ल्याच्या नेमाची गोडी स्नेह्यांना कशी लागली हे विचारलं तर ते आपल्या पहिल्या हंगामाबद्दल बोलत नाहीत, गणिताबद्दल बोलतात. तेव्हा आधी गणितच पाहू, कारण ते सोपं आहे.

नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. ती 'आधी सरळ जाते आणि मग झुकते' हा समज सिनेमातला. .३०८ विंचेस्टर हे १९५२ सालचं, जगभर चालणारं काडतूस घ्या. १६५ ग्रेनची गोळी, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट. दुर्बीण दोनशे यार्डांना लावलेली असेल, म्हणजे दोनशेवर गोळी नेमक्या फुलीवर बसत असेल, तर तीनशेवर ती साधारण आठ-साडेआठ इंच खाली जाते, चारशेवर दोन फूट आणि पाचशेवर चार फूट. नेमाच्या रेषेपासून मोजलं, तर शेवटच्या शंभर यार्डांत ती आधीच्या चारशेंत मिळून गेली तितकीच आणखी खाली जाते. म्हणून दूरवरचं अंतर डोळ्यानं ठरवणं हा जुन्या शिकाऱ्यांचा मोठा घात होता. दरीपलीकडचं जनावर चारशेवर आहे असं वाटावं आणि ते साडेचारशेवर असावं, एवढ्यानं गोळी फूटभर खाली जाते.

हा प्रश्न आता सुटला आहे. लेझरचा अंतरमापक खिशात मावतो, एका बटनात यार्ड सांगतो, चढ-उताराचा कोनही धरतो. डोंगरात वर मारा किंवा खाली, गुरुत्वाकर्षण फक्त आडव्या अंतराचा हिशेब करतं. तीस अंशांच्या उतारावर चारशे यार्ड मोजले, तरी गोळीच्या पडण्यापुरतं ते अंतर साडेतीनशेच्याही आतलं. म्हणून वर असो की खाली, न शिकलेल्याची गोळी दोन्हीकडं उंच जाते. हवा विरळ असली तर अडथळा कमी. टेक्सासच्या सपाटीवर दुर्बीण लावून दहा हजार फुटांवर आलेल्या माणसाचा गोळीच्या पडण्याचा तक्ता थोडा चुकतो, आणि फोनमधलं साधं ॲप तोही दुरुस्त करून देतं. पूर्वी जे वर्षानुवर्षांच्या भटकंतीतून यायचं ते आता दुकानातून येतं. ते वाईट आहे असं मला वाटत नाही. घोटाळा असा की त्यामुळं उरलेलंही दुकानातच मिळत असेल, असं वाटू लागतं.

उरतो तो वारा.

त्याच .३०८ च्या गोळीवर ताशी दहा मैलांचा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या सतत हलवणारा वारा आडवा आला, तर शंभर यार्डांवर ती पाऊण इंच सरकते. कागदावर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दोनशेवर तीन इंच, तीनशेवर सात, चारशेवर तेरा-चौदा, पाचशेवर पावणेदोन फुटांपेक्षा जास्त. म्यूल डियर या इथल्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा जो भाग, तिथंच गोळी लागली तर जनावर लवकर पडतं, आणि तो भाग असतो आठ-दहा इंचांचा. मधोमध नेम धरला तर दोन्ही बाजूंना चार-पाच इंचांची सूट. चारशे यार्डांवर वाऱ्याचा अंदाज नुसता पाच मैलांनी चुकला, दहाचा पाच वाटला, की गोळी सहा-सात इंच बाजूला. म्हणजे पोटात किंवा खांद्याच्या पुढं. आणि पाच मैलांची चूक कुणाला म्हणावी? पर्वतात उभं राहून वारा पाचचा आहे की दहाचा हे छातीठोक सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. सांगणारे पाहिले आहेत, ते निराळं.

अंतरमापक वारा मोजत नाही. पंख्याचा छोटा वेगमापक मोजतो, पण तो फक्त तुमच्या हाताजवळचा. दरीच्या मध्यावर वेगळा वारा असतो, पलीकडच्या उतारावर वेगळा. सकाळी थंड हवा डोंगरावरून खाली वाहते. ऊन चढलं की उतार तापतात आणि ती वर चढू लागते. त्या दोन वेळांच्या मधल्या तासाभरात ती कुठंही जाते. सेजची झुडपं वाऱ्याला सहसा दाद देत नाहीत, तर ॲस्पेनची पानं आपल्या पिंपळासारखी लांब देठावर झुलणारी, वारं नसतानाही सळसळणारी. एक झाड कमी सांगतं, दुसरं जास्त. दुर्बिणीतून दिसणाऱ्या उन्हाच्या झळा कुठं कलतात ते पाहून जाणकार दिशा ओळखतात, पण थंड ढगाळ पहाटे झळाच नसतात. आणि वारा तिरपा, पंचेचाळीस अंशांतून आला तर त्याचा जोर निम्मा धरायचा असं बरेच जण मानतात. प्रत्यक्षात सत्तर टक्के लागू पडतो.

कराडचे स्नेही यासाठी बंदूक न घेता फिरतात. हंगामाआधी रोज संध्याकाळी घरामागच्या टेकाडावर कुत्र्याला घेऊन जायचं, थांबायचं, वाऱ्याचा आकडा मोठ्यानं बोलायचा, मग वेगमापक वर धरायचा. वहीत दोन रकाने: 'वाटलं' आणि 'निघालं'. वही मी चाळली. सुरुवातीच्या पानांवर दोन आकड्यांत भारी तफावत, नंतर ती कमी होत गेलेली. पण कधीच न संपलेली. त्या न संपणाऱ्या फरकावरून ते आपलं अंतर ठरवतात. मला नेमबाजीच्या साऱ्या सरावात ही वही सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली, आणि तिला बारूद लागत नाही.

शरीराचा भाग त्यानंतर येतो. टेबलावर वाळूच्या उशीवरून शंभर यार्डांवर एका इंचात तीन गोळ्या बसवणारी रायफल आता कुणाच्याही खिशाला परवडते. ते कौशल्य रायफलीचं. तीच रायफल घेऊन उघड्यावर मांडी घालून बसा, कोपर गुडघ्यांच्या आत टेकवा, आणि शंभरवर पाच गोळ्या मारा. चार इंचांत बसल्या तर बरा हात आहे म्हणायचं. ते चार इंच चारशेवर सोळा होतात, म्हणजे वारा सुरू होण्याआधीच हरणाच्या छातीचं वर्तुळ संपलं. पोटावर पडून, दोन पायांच्या आधारावर किंवा पाठीवरच्या पिशवीवर नळीखालचा लाकडी भाग टेकवून मारलं तर बरंच सुधारतं. पण पोटावर पडलेल्या माणसाला अनेकदा समोर गुडघाभर गवतच दिसतं. म्हणून सराव साऱ्या आसनांचा हवा: पडून, बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या तिकाटण्यावर, आणि अगदी शेवटी उभ्यानं, तेही उभ्यानं किती जवळून मारायचं हे कळण्यापुरतं.

इथं आपल्याकडचं एक नाव घ्यावंच लागेल. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्यानं, अशा तीन आसनांचा तो खेळ. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, हाताच्या करंगळीच्या नखाएवढं. त्याचं गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यातलं, आणि त्याच तालुक्यातलं दाजीपूरचं रान हे कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं जंगल होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं. जिथं एकेकाळी राजेलोक सावजामागं जात, त्या मुलखातल्या पोरानं कागदावरच्या ठिपक्यावर देशाला पदक आणलं, याची मौज वाटते. पण स्वप्नीलचं कौशल्य शिकाऱ्याच्या कामाचं किती? आसनाची शिस्त पूर्ण कामाची. रायफल हातांच्या जोरानं लक्ष्याकडं ओढायची नाही. डोळे मिटून श्वास सोडायचा, उघडायचे, फुली सरकलेली दिसली तर हात न हलवता सगळं अंगच किंचित वळवायचं. हे नेमबाजीच्या शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात आणि शिकाऱ्यांच्या टेबलांवर कुणीच शिकवत नाही. मात्र खेळाडूला अंतर ठाऊक असतं, लक्ष्य हलत नाही आणि पाच गोळ्या बिघडल्या तर सहावी असते. शिकाऱ्याची थंड नळीतून निघालेली पहिली गोळी हीच त्याची परीक्षा. जाणती माणसं म्हणून सकाळी मैदानावर जातात, एकच गोळी मारतात, कागदावर तारीख घालतात आणि परततात. अशा एकेका भोकाचे कागद एकावर एक ठेवले की स्वतःबद्दलचं खरं कळतं.

मोठ्या रायफलीचा धक्का खांद्याला शिकवतो ते नकोसं असतं. चाप दाबण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढं झेपावतो, आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो, कारण आवाज आणि धक्का सगळं झाकून टाकतात. यावर जुना उपाय: सोबत्यानं आपल्या नकळत मधूनच एखादं खोटं काडतूस भरायचं. चाप दाबला, बार उडाला नाही, आणि नळीनं खाली डुबकी मारलेली सगळ्यांनी पाहिली. पोक्त माणसं त्या वेळी हसतात, पण कान लाल झालेले असतात. मग घरी भिंतीवरच्या ठिपक्यावर रिकाम्या रायफलीनं चाप दाबण्याचा कंटाळवाणा रियाज. नळी रिकामी आहे हे दोनदा पाहून आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. चापाचा खटका पडल्यावरही फुली ठिपक्यावरून न हलणं, हेच त्यातलं यश.

बाहेर हात बसवायला बावीस बोअर उत्तम. मोठ्या रायफलीचं शिकारीचं एक काडतूस दीड-दोन डॉलरच्या घरात, बावीसचं काही सेंटांत, धक्का नाहीच. शिवाय बावीसच्या मंद गोळीला शंभर यार्डांवर वारा जेवढा सरकवतो, तेवढा .३०८ ला अडीचशेच्या आसपास सरकवतो. शंभर यार्डांच्या मैदानात दूरचा वारा शिकण्याची ही स्वस्त युक्ती आहे.

ही मैदानं उभी राहण्यामागं १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आहे. रायफली, बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के केंद्रीय अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडं जातो, अधिवासासाठी, गणतीसाठी, प्रशिक्षणासाठी आणि चांदमारीच्या मैदानांसाठीही. एवढी सोय असून कोलोरॅडोत शिकाऱ्याला दरवर्षी नेमाची परीक्षा नाही. कायदा गोळीचं किमान वजन ठरवतो, एल्कसाठी ८५ ग्रेन. अंतर ठरवत नाही.

उत्तर युरोपात हे वेगळं आहे. फिनलंडमध्ये मूसच्या शिकारीला जाण्याआधी ७५ मीटरवर चार गोळ्या, दीड मिनिटात, २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात घालाव्या लागतात, चारही. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यानं दरवर्षी, ज्या रायफलीनं शिकार करायची तिनंच, शंभर मीटरवरच्या रेनडियरच्या चित्रावर ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचही गोळ्या बसवायच्या, आणि त्याआधी सरावाच्या तीस गोळ्या मारल्याचं दाखवायचं. अमेरिकी शिकाऱ्याला हे अंतर ऐकून हसू येतं. शंभर मीटर! पण ती परीक्षा 'पहिल्या गोळीपासून, सगळ्या गोळ्या' अशी आहे, आणि अमेरिकी मैदानावरच्या कितीजणांना ती टेबलाशिवाय जमेल याची मला शंका आहे.

पळत्या हरणाच्या आकृतीवर नेम मारण्याचा प्रकार १९०८ मध्ये ऑलिंपिकमध्येही आला. शंभर मीटरच्या आसपास, उघड्या जागेतून चार सेकंदांत सरकून जाणारं खोटं हरीण. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी त्यात लंडनला साठाव्या वर्षी सुवर्ण घेतलं, १९१२ ला स्टॉकहोमला चौसष्टाव्या वर्षी सांघिक सुवर्ण, आणि १९२० मध्ये अँटवर्पला बहात्तराव्या वर्षी सांघिक रौप्य. एवढ्या वयाचा ऑलिंपिक पदकविजेता खेळाडू त्यानंतर झालेला नाही. दाढीवाले स्वान आजोबा फोटोत एखाद्या गावच्या पोस्टमास्तरासारखे दिसतात.

अमेरिकेची परंपरा मात्र लांबच्या आकड्यांवर वाढली. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर १८७४ मध्ये आयरिश आणि अमेरिकी संघांचा सामना आठशे, नऊशे आणि हजार यार्डांवर झाला. अमेरिकेनं तो ९३४ विरुद्ध ९३१ असा तीन गुणांनी जिंकला आणि लांब पल्ल्याची नेमबाजी घराघरात पोचली. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूर काडतुसाला तेच नाव दिलंय. ते मुळात कागदावरच्या स्पर्धांसाठी घडलं, पण धक्का कमी आणि वाऱ्याला तोंड देण्याची ताकद बरी म्हणून शिकाऱ्यांनी उचललं. पाठोपाठ आठशे-हजार यार्डांवरून जनावर पाडल्याचे व्हिडिओ आले. बून अँड क्रॉकेट क्लब ही थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये उभारलेली संस्था. शिकारीतल्या रास्त पाठलागाची संकल्पना तिनं रुजवली. या संस्थेनं अशा माऱ्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. त्यात यार्डांचा आकडा नाही, हेतू पाहिला आहे: जनावराच्या जवळ जाण्याची तयारीच नसेल आणि आपली बंदूक कुठवर पोचते एवढंच पाहायचं असेल, तर ती शिकार नव्हे. आयडाहो राज्यानं दुसरी वाट धरली. सोळा पौंडांहून जड रायफलीला शिकारीत बंदी. डोंगर चढताना खांद्यावर नेण्याजोगी असेल तीच रायफल, असा त्याचा सरळ अर्थ.

माझं मत बून अँड क्रॉकेटच्या बाजूचं आहे, पण त्यांच्यापेक्षा कारण वेगळं. दूरच्या नेमाचा खरा शत्रू वेळ आहे. चारशे यार्डांवर पोचायला गोळीला अर्धा सेकंद लागतो. चाप दाबल्यावर त्या अर्ध्या सेकंदात रमतगमत चालणारं एल्क दोन फूट पुढं जातं. उभं असेल तरी एक पाऊल टाकू शकतं. यावर सराव नाही, यंत्र नाही, ॲप नाही. मैदानावरच्या पोलादी पाटीला पाय नसल्यामुळं हे तिथं कधी कळत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांना हा सगळा प्रकार परका वाटेल, आणि वाटावाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं आपल्याकडं छंदाची शिकार संपवली. रानडुक्कर आणि रोही पिकांची नासाडी करतात तिथं परवानगीनं मारण्याची तरतूद आहे, पण ते काम जवळून, बहुधा रात्री आणि बारा बोअरनं व्हायचं. दूरच्या नेमाचा तिथं संबंध नाही. इथं मात्र परवान्यांची संख्या वन्यजीव खातं जनावरांच्या गणतीवरून ठरवतं, आणि मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवणं गुन्हा आहे. जखमी जनावराचा माग काढणंही कायद्यानं बंधनकारक आहे.

मागावरून आठवलं, आणि हे मला कुठल्याही पुस्तकात नीट सापडलं नाही. शंभर यार्डांवर मारलेलं जनावर कुठं उभं होतं ते डोळ्यांसमोर असतं. चारशेवर, दरीपलीकडं मारलं तर तुम्ही उतरता, ओढा ओलांडता, वर चढता, आणि तिकडं पोचल्यावर तो उतार ओळखू येत नाही. अलीकडून दिसलेला एकटा जुनिपर तिथं अकरा जुनिपरांतला एक निघतो. रक्ताचे पहिले थेंब सापडत नाहीत, गवत दाबलेलं दिसत नाही, आणि माणूस स्वतःला सांगतो की गोळी चुकलीच असणार. लांबच्या माऱ्यात जायबंदी होऊन मेलेल्या कित्येक जनावरांची नोंद 'चुकली' अशीच होत असावी, असा माझा संशय आहे. गोळी लागल्याचा दबका आवाज चारशेवरून दीडेक सेकंदानं परत येतो, पण स्वतःच्या बाराचा दणका कानात घुमत असताना तो ऐकणारे थोडेच.

स्नेह्यांनी याचाही सराव काढला आहे. मुलगा एका उतारावर गवतात नारिंगी फीत बांधून येतो. हे पलीकडून दुर्बिणीतून ती पाहतात, फोनवर फोटो काढतात, होकायंत्रावर दिशा घेतात, मग मुलगा जाऊन फीत सोडून आणतो आणि बापानं त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. चुकण्याचं माप मुलगा पावलांनी मोजतो. मी गेले होते त्या दिवशी बापलेकांत तीस पावलांवरून वाद झाला, बाप म्हणे जुनिपर हाच, पोरगा म्हणे, "बाबा, फोटो बघा." फोटोत फांदी डावीकडं होती. या हंगामात ते अडीचशेच्या पुढं मारणार नाहीत, आणि वारा दहाच्या वर असेल तर दीडशेच्या. दोन्ही आकडे रायफलीच्या दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहिलेत, मुलाच्या अक्षरात.